दिवाबत्तीआधीची मोकळ

वर्सोवा
१२ डिसेंबर २०२४, गुरुवार

बाबा,

मुद्दाम गुरुवार बघून लिहायला बसलेय. गुरुवारी तुम्ही दिवसभर मौनात असता, त्यामुळे डोळ्यांसमोर येता ते गप्प बसलेले. इतर वारी आलात की दुसऱ्याच वाक्याला "पुरे" म्हणता आणि मी कागद फाडते. आधीचे सगळे तसेच फाडले.

मी बरी आहे. फोन तुम्ही उचलत नाही म्हणून हे पोस्टाने. कोळीवाड्यात शकुमावशीकडे राहते. माझ्या कॉलेजातल्या नीलमची ही मावशी. कॉलेज म्हणजे जे मी सोडलं ते. तो विषय आत्ता नको. ह्या घरात सगळे एकदम बोलतात. मावशी बाजारातून आली की जिन्यातूनच दिवसभराची भांडणं सांगत वर येते, आणि तिचा नवरा आतून तिने न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देतो. पहिल्या आठवड्यात मला वाटायचं मारामारी चाललीय. मग कळलं, चहा कोण टाकणार ते ठरतंय. खाली सुकत घातलेल्या बोंबलांवर एक मांजर रोज डोळा ठेवून असते, तिचं मी नाव ठेवलंय...

असो. मुद्दा.

आईने सांगितलं, ताईचं लग्न ठरलं. मुलुंडचा प्रीतम. ताईने फोटो पाठवला, कान मोठे आहेत पण हसतो चांगला. मला त्या लग्नाला यायचंय. एवढंच. बाकीचं पत्र ह्या एका वाक्याला सोबत म्हणून आहे.

नियम मला माहीत आहे. ज्याचा दोरा उतरला त्याने निवांत मार्गाच्या मांडवात बसायचं नाही. मार्गाचे प्रमुख म्हणून चंद्रप्रकाशकाकांनी सगळ्या बैठकीसमोर माझ्या मनगटावरचा पांढरा दोरा कापला तेव्हा मी म्हणाले होते, बरं झालं, घामाने खाज येत होती. ते बोलायला नको होतं. खाज मात्र खरंच येत होती.

ज्या क्लिपवरून दोरा कापला ती तुम्ही पूर्ण बघितली का, मला शंका आहे. आवाज बंद करूनच बघितली असणार. बोरीवलीच्या मैदानात टेनिस बॉलची टुर्नामेंट होती, कॉमेंट्री करणारा दादा आलाच नाही, आणि नीलमने माझ्या हातात माईक दिला. मी म्हणाले, "चेंडू हवेत, चेंडू वर, अजून वर, आणि चेंडू थेट इडलीवाल्याच्या सांबारात. इडलीवाला म्हणतोय ही प्लेट कुणाच्या नावावर लिहू." लोक हसले, बाबा. दोन्हीकडचे, हरणारेसुद्धा. मला तोवर माहीतच नव्हतं की माझ्या बोलण्याने कुणी हसतं. आपल्या घरी माझ्या बोलण्याने फक्त भुवया वर जातात.

आता मी तेच करते. मुलुंड, घाटकोपर, भांडुप, जिथे मंडळ बोलावेल तिथे. कधी पैसे देतात, कधी वडापाव आणि पुढच्या वर्षीचं आमंत्रण.

पण हे बोलणं मला आलं कुठून? तुमच्याकडून. रागावू नका, वाचा. लहानपणी गुरुवारी माझ्या तोंडातून काही सुटायला लागलं की तुम्ही माझ्या पोटावर बोट ठेवायचात. पोटात बोल. मी बोलायचे. सकाळी तुम्ही दाढीला बसलात की पोटात सुरू: बाबांनी डाव्या गालापासून सुरुवात केलीय, हनुवटीपाशी सावध, आता उजवा गाल, आता उजव्या कानाखाली शेवटचा हात, आणि झालं. मग आईची पोळी. मग समोरच्या बिल्डिंगमधला सायकलला हवा भरणारा. दिवसभर. बाकीची मुलं मैदानात जाऊन कॉमेंट्री शिकतात, मी आपल्या स्वयंपाकघरात पाटावर बसून शिकले.

आणि मोकळ आठवते? संध्याकाळी देवापाशी दिवा लागला की तुम्ही दोन बोटं गळ्याला लावून तळहात आमच्याकडे उघडायचात. त्या खुणेसाठी मी आणि ताई पाचपासून तुमच्या हाताकडे बघत बसायचो. खूण झाली की आम्ही जे ओरडायचो ते खालच्या मजल्यावरच्यांना भूकंप वाटायचा. एकदा तुमच्या गळ्यावर डास बसला होता. तुम्ही त्याला मारलंत, हात झटकलात, आणि आम्ही "मोकळ, मोकळ" करत गॅलरीत. दिवा लागायला अजून तासभर होता. आई घाबरली. पण तुम्ही पाटीवर लिहिलंत: दिली ती दिली. परत घेता येत नाही. हा नियमसुद्धा आपल्या मार्गाचाच आहे, आणि मला तो सगळ्यात आवडतो.

लग्नाला येऊ का?

तुमची
प्रांजल


मुलुंड
२९ डिसेंबर

बाबा,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलं नव्हतं, तरी कोळीवाड्यात येणाऱ्या पोस्टमनशी ओळख करून ठेवली. त्याला गुडघ्याचा त्रास आहे.

साखरपुड्याचं ताईने सांगितलं. फोनवर निम्मा वेळ ती रडत होती आणि निम्मा वेळ हसत होती, त्यामुळे सगळं जुळवायला मला वेळ लागला. मला कळलं ते असं. चुकत असेन तर सांगा. म्हणजे उत्तर द्या.

आपल्यात कार्य मौनात होतं हे तुम्ही प्रीतमच्या घरच्यांना आधीच सांगितलं होतंत. त्यांनी मान्य केलं. निवांतघराच्या दारात त्यांच्या माणसांनी कार्यापुरता दोराही बांधून घेतला. फक्त माणिकआजीला, म्हणजे प्रीतमच्या वडिलांच्या आईला, हे सगळं सांगायचं राहिलं, प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने सांगितलं असेल. आजींची नजर गेलेली. तुम्ही मानाने त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची दिलीत, वर गादी. त्यांच्या पुढ्यात अंगठ्या झाल्या, ओटी भरली, पेढे फिरले. कुणी चकार शब्द काढला नाही. हातात पेढा आला तेव्हा आजींना वाटलं आलेल्यांचं स्वागत चाललंय. पान वाढलं तेव्हा वाटलं मुहूर्त लांब दिसतोय. जेवल्या, हात धुतला, लोक चपला शोधायला लागले, आणि तेव्हा त्या म्हणाल्या, "जेवान बरा होता. आता साखरपुडो सुरू करा बघया, माका घराक जावक उशीर होता."

ताई म्हणते सगळ्यात आधी तुमचे खांदे हलले. तुम्ही पाठ फिरवलीत, पण पाठीवरूनच कळलं.

मग कुणीतरी आजींना सांगितलं की झाला साखरपुडा, आणि खांदे हलायचे थांबले. "मी काय मयताक इललंय? डोळे देवान नेल्यान, कान ठेवल्यान ना? ज्या लग्नात माका काय कळाचा नाय, थंय मी येवचंय नाय. आणि मी नाय तर माझो नातू पण नाय." त्यांचा धाकटा मुलगा बाळाकाका समजूत काढायला गेला तर त्याला म्हणाल्या, "तू गप. आज सगळी गप हत, तूच कित्याक बोलतस?"

आता ताईचं लग्न ह्या एका म्हातारीच्या कानांपाशी अडलंय. त्यांच्याकडचे म्हणतात सनई तरी लावू, तुम्ही नाही. भटजींनी मंगलाष्टका हळू म्हणाव्यात, तरी तुम्ही नाही. कुणी आजींच्या कानात सांगावं, तर सांगणार कोण, मांडवात पाऊल टाकलं की पाहुण्यालाही मौन. बाबा, मला तुमचा राग येत नाहीये, खरंच. आजोबा गिरणीत सांच्यांच्या खडखडाटात उभे राहून बहिरे झाले, घरी येऊन भिंतीला टेकून बसायचे, आणि निवांतघराच्या त्या शांततेत त्यांना पहिल्यांदा बरं वाटलं, ही गोष्ट तुम्ही मला इतक्यांदा सांगितलीत की ती शांतता मोडायला तुमचा हात उठणार नाही हे मी सांगू शकते. ताईलाही ती मोडायची नाही. तिला शांतच लग्न हवंय. प्रीतमही हवाय.

मी मुलुंडला काय करतेय ते सांगायचं राहिलं. इथे आज फायनल होती. मैदान योगायोगाने प्रीतमच्या बिल्डिंगच्या समोर निघालं. पाणी संपलं म्हणून मी वर गेले, तर दार उघडलं ते बाळाकाकांनी, आणि गॅलरीत पाटावर माणिकआजी. दिवसभर त्या माझी कॉमेंट्री ऐकत होत्या. मला म्हणाल्या, "तो डावऱ्या हाताचो, लाल बुटांचो, तो बरो खेळता. पण धावताना पोटाक धरता. दुखता काय तेका?"

मी म्हणाले, आजी, तुम्हाला कसं दिसलं?

"तूच सांगलंस मगाशी."

मी काय सांगितलं होतं ते मलाही आठवत नव्हतं. त्यांनी मला लाडू दिला. मी कोण ते सांगितलं नाही.

प्रांजल

ता. क. लाल बुटांच्या मुलाच्या पोटात खरंच दुखत होतं. मॅचच्या आधी तीन प्लेट पाणीपुरी.


वर्सोवा
१९ जानेवारी २०२५

बाबा,

आधी एक कबुली, म्हणजे पुढचं मोकळेपणी लिहिता येईल. मुलुंडला योगायोग वगैरे काही नव्हता. मंडळाला मीच म्हणाले होते की एक भोंगा समोरच्या इमारतीकडे वळवा, तिकडचे लोक क्रिकेटवेडे आहेत. पाणीही संपलेलं नव्हतं.

दुसरं. मागच्या रविवारी बोरीवलीच्या मैदानात मी तुम्हाला बघितलं. उसाच्या रसाच्या गाड्यामागे. पांढरा शर्ट, बाह्या मनगटापर्यंत, हातात ग्लास, आणि रस तसाच. अख्खी मॅच संपली तरी तसाच. तुम्हाला वाटलं असेल एवढ्या गर्दीत ही कशाला बघते. पण मी बघते, तेच तर माझं काम. तुम्हाला बघितल्यावर माझी एक ओव्हर पूर्ण वाया गेली. बॉलर बदलला तरी मी जुन्याचंच नाव घेत होते, आणि स्कोअर लिहिणारा माझ्याकडे बघून कपाळाला हात लावत होता. मग सावरले. म्हटलं, आलेत तर ऐकून जाऊ देत. म्हणून त्या बारक्या विकेटकीपरचं जरा जास्तच वर्णन केलं, तो दर चेंडूआधी ग्लोव्हजवर थुंकतो ते. ते ऐकून तुम्ही ग्लास तोंडाला लावलात आणि तसाच धरून ठेवलात. हसताना तुम्ही नेहमी काहीतरी तोंडापुढे धरता. पूर्वी पेपर असायचा.

मग वळून बघितलं तर नव्हतात.

आणि काल आई आली. कोळीवाड्यात, पहिल्यांदा. नाकाला पदर लावून आली आणि जाताना शकुमावशीकडून सोड्याची भाजी कशी करायची ते विचारून गेली. (हे मी लिहिलं असं तिला सांगू नका.) मग पिशवीतून तुमची चिठ्ठी काढून दिली. मी ती इतक्यांदा वाचलीय की मावशीचा नवरासुद्धा पाठ म्हणतो:

"आजींची खुर्ची मांडवाच्या शेवटच्या लादीवर, दाराशी. तुझं स्टूल पुढच्या लादीवर, म्हणजे बाहेर. तुला दोरा नाही, म्हणून तुला मौन नाही. मांडवात बसायचं नाही, तशी बसणार नाहीस. चंद्रप्रकाशकाकांशी बोललो आहे. हळू बोल. साडी आईने काढून ठेवली आहे."

बाबा, तुमच्या लिफ्टदुरुस्तीच्या कामात लिफ्ट अडकल्यावर माणसं आत ओरडत असताना तुम्ही बाहेर शांतपणे एक स्क्रू शोधता, तसं हे केलंत तुम्ही. नियमाला हात लावला नाहीत, त्याच्या दोन लाद्यांमधली फट शोधलीत. मला कापला गेलेला दोरा कामाला येईल असं कधी वाटलं नव्हतं. अख्ख्या मांडवात ज्याने बोललं तर चालेल असं एकच माणूस, आणि ते मी. कारण मला हाकललंय. मी मावशीला हे समजावून सांगितलं तर ती हसून हसून भिंतीला टेकली. म्हणाली, "तुजा बाप लय डोक्याचा हाय गो. पन तू हळू बोलशील कशी? तुजं हळू म्हंजे आमच्या बोटीचा भोंगा."

तो खरा प्रश्न आहे. मला हळू येत नाही. मला दोनच येतं, पोटात किंवा माईकवर. मधलं कधी शिकलेच नाही. सध्या मावशीच्या कानाशी बसून सराव चाललाय. ती जाळ्यातले खेकडे सोडवते आणि मी तिला कुजबुजत सांगते की कुठला खेकडा कुणाची नांगी धरून बसलाय. काल म्हणाली, आता कानात गुदगुल्या होतात, म्हणजे जमतंय.

माणिकआजींना मी जाऊन सांगून आले. कोण तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे त्या मुक्यांच्या घरातलीच तू? मग ह्यां इतक्या बोलणा साठवन ठेवलेला होता म्हण की." आणि मग, "येतंय मी. पण एक सांगतंय. काय सोडूचा नाय. वायट दिसला तरी सांगूचा."

येतेय मी, बाबा. स्टूलवर.

प्रांजल


घाटकोपर
१८ फेब्रुवारी

बाबा,

रविवारी निघताना तुम्ही रिक्षापाशी येऊन विचारलंत, "आजींना काय सांगत होतीस?" आणि रिक्षावाल्याने मीटर टाकला. तेवढ्यात कसं सांगणार? लहानपणापासून तुम्ही मला कधी विचारलंच नव्हतं की काय बोलत होतीस. गप्प कधी होणार, हे विचारायचात. म्हणून आता सगळं लिहून देते, जसं सांगितलं तसं.

पहिल्यांदा हॉल सांगितला. म्हटलं, आजी, एसी लावलाय, पंख्यांचा आवाज नको म्हणून. खिडक्या गच्च बंद. उघडं आहे ते फक्त आपलं दार, तेही माझ्यामुळे. आमची माणसं पांढऱ्यात, तुमची रंगीत, दह्यात डाळिंबाचे दाणे पडावेत तशी. तुमच्या बाळाकाकांनी नाक दाबून धरलंय, शिंक अडवतायत. अडवली. नाही अडवली.

"ती मी आयकली," आजी म्हणाल्या.

मग प्रीतम. फेटा डावीकडे कललाय. चालतोय असा की पहिली ओव्हर आहे आणि समोरचा बॉलर फास्ट आहे असं त्याला कुणीतरी सांगितलंय. ओठ हलतायत, मनातल्या मनात काहीतरी मोजतोय, पावलं असतील. आजी खूश झाल्या. त्याचा आजोबाही तसाच मोजत आला होता म्हणे.

मग ताई. इथे मी घाई केली नाही. पिवळी साडी, हिरवा चुडा. आमच्यात बांगड्या वाजू नयेत म्हणून नवरीच्या चुड्यात सुती दोरा गुंडाळतात, आजी, तो आईने रात्रभर बसून गुंडाळलाय. तेवढ्यात आजींनी माझा हात दाबला. "एक वाजता."

मीही ऐकलं. खरंच, एकच बांगडी, किण किण, पावलागणिक. बघितलं तर उजव्या हातातली शेवटची, तिच्यावर दोराच नव्हता. आजी मान हलवत त्या आवाजामागून गेल्या, दारापासून पाटापर्यंत. "बारीक आसा. पाय हळू टाकता. भियाली हा थोडी." सगळं बरोबर. मी आईकडे बघितलं. आई समईची वात सारखी करत होती, ती आधीच सारखी होती. बाबा, आईच्या हातून बांगडी राहून जाईल असं तुम्हाला वाटतं का? तुम्ही तिला विचारू नका. मीही विचारणार नाही.

अंतरपाट धरला. म्हटलं, आता सगळ्यांनी मुठीत अक्षता घट्ट धरल्यात आणि मनात मंगलाष्टका म्हणतायत. तुमची माणसं एकमेकांकडे बघतायत, नक्की कुठवर आली म्हणून. मग चंद्रप्रकाशकाकांनी मान हलवली, अंतरपाट खाली, आणि अक्षता. ते मला सांगावं लागलं नाही. एवढ्या शांततेत तांदूळ पडतानाचा आवाज मी किती वर्षं ऐकत आले, पण त्या दिवशी आजींच्या चेहऱ्याकडे बघत ऐकला. त्यांनी तोंड वर केलं होतं, पावसात मुलं करतात तसं. म्हणाल्या, "ह्यां मात्र बरा हा. बेंडबाज्यात ह्यां कधी आयकाक येवचा नाय." आपल्या आजोबांना तो आवाज सांगायला हवा होता कुणीतरी.

आणि मग तुम्ही.

मी सांगितलं: आता माझे बाबा पुढे आलेत. काशीराम. नवा सदरा, घडीच्या रेषा तशाच. दाढी केलीय, पण उजव्या कानाखाली थोडी राहिलीय. ते रोज डाव्या गालापासून सुरू करतात आणि उजव्या कानाखाली संपवतात. आज संपवली नाही. त्यांनी ताईचा हात उचललाय. त्या हाताच्या करंगळीचं नख लहानपणी दारात सापडलं होतं, ते अजून वाकडं आहे. त्यांनी अंगठा त्या नखावर ठेवलाय. आई पाणी सोडतेय. त्यांनी हात प्रीतमच्या हातात दिला. अंगठा अजून काढलेला नाही.

इथे माझं बोलणं बंद पडलं.

असं कधी झालं नव्हतं. मैदानात चेंडू हरवतो, लाइट जाते, मारामारी होते, मी बोलत राहते. तिथे मात्र तोंड उघडं आणि आत काहीच नाही, पोटातसुद्धा नाही. आजींनी थोडी वाट बघितली. मग कोपर मारलं. मग त्यांना राहवलं नाही आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं विचारलं, "फुडे काय झाला गो? अंगठो काढल्यान काय नाय? गप कित्याक रवलस?"

सगळ्या माना वळल्या. सगळे पांढरे आणि सगळे रंगीत. चंद्रप्रकाशकाका उठून उभे राहिले. तुम्हीही वळलात. माझ्याकडे बघितलंत. मी मान हलवली, की जमत नाही बाबा. आणि तुम्ही ओल्या हाताची दोन बोटं गळ्याला लावलीत आणि तळहात माझ्याकडे उघडलात.

तो हात माझ्यासाठी होता, हे मला माहीत आहे. तुम्हालाही आहे. पण पहिल्या दोन रांगांत आपल्या मार्गातली सगळी बारकी पोरं बसली होती, सकाळपासून न बोललेल्याने गळ्यापर्यंत गच्च भरलेली. त्यांना काय माहीत कुणासाठी? दुपारचे साडेबारा, दिवा लागायला सहा तास, आणि समोर यजमानाने मोकळ दिलेली. पहिली किंकाळी कोपऱ्यातल्या सुलक्षणाकाकूंच्या नातीची. मग सगळी. मग त्यांच्या आया त्यांना गप्प करायला बोलल्या, आणि बोलल्या की बोलतच सुटल्या. मग बाळाकाकांनी अडवलेल्या सगळ्या शिंका एकदम दिल्या आणि वर एक शिट्टी. प्रीतम ताईला काहीतरी म्हणाला, आणि ताई, आपली अबोलीताई, मोठ्याने हसली. मी तिचं हसणं घराबाहेर पहिल्यांदा ऐकलं. तुमच्यासारखी तीही काहीतरी शोधत होती तोंडापुढे धरायला, पण दोन्ही हात गुंतलेले.

आजी माझं मनगट हलवत होत्या. "काय झाला? काय झाला ता सांग आधी."

तेव्हा मी सांगितलं. कुजबुजत नाही, तेवढ्या आवाजात कुजबुजून कोण ऐकणार. मी ओरडून सांगितलं: आजी, माझ्या बाबांनी अंगठा काढला. आणि त्यांनी मला बोल म्हणून सांगितलं.

एवढंच सांगितलं आजींना. शेवटचं वाक्य त्यांच्यासाठी नव्हतं, पण त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "मग बोल की बाये. रडतस कित्याक?"

आता राहिलं चंद्रप्रकाशकाकांचं. ते तुमच्यापाशी आले तेव्हा मी दारातून बघत होते. एवढ्या गलक्यात ऐकू आलं नाही, पण काका काय विचारणार ते उघड आहे, आणि तुमचे ओठ मला वाचता येतात, मी त्याच भाषेत वाढलेय. तुम्ही म्हणालात, "डास होता." काकांनी तुमच्या गळ्याकडे बघितलं. मग तेही काहीतरी म्हणाले, मला वाटतं "दिली ती दिली", आणि पंगतीकडे गेले. जाताना त्यांचे खांदे हलत होते, किंवा त्यांना सर्दी असेल.

बाबा, खिडक्या बंद होत्या. दारात मी बसले होते, आणि आत जाणारा डास आधी मला चावल्याशिवाय गेला नसता.

परवा गुरुवार. टुर्नामेंट शनिवारी आहे, तोवर मोकळी आहे. सकाळीच येते. दोरा नाही, तरी दिवसभर पाटावर गप्प बसेन, पोटात बोलेन, तुमची दाढी पहिल्या गालापासून बघेन. संध्याकाळी दिवा लागला की हात वर कराल तेव्हा घरात ओरडायला मी एकटीच असेन, ताई मुलुंडला. खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवा.

प्रांजल